ना हरकत

२००९ च्या फेब्रुवारीत, परीक्षांची धावपळ सुरू होण्याच्या थोडे आधी, माझ्याकडे २२ पानांचे एक इंग्रजी टिपण भाषांतरासाठी आले. सह्याद्रीच्या पायथ्याशी, गोव्याच्या हद्दीपासून फार दूर नसलेल्या एका गावात लोहखनिजाची खाण प्रस्तावित होती आणि तिच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा तो सारांश होता. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे असा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्यानंतर जनसुनावणी होते. मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवत होतो, अधूनमधून भाषांतरे करत होतो आणि त्या वर्षी घराची कौले बदलायची होती. मोबदला बरा होता. मी काम घेतले.

गावाचे आणि कंपनीचे नाव मी येथे देत नाही. तो माझा विषय नाही. गेली पंधरासोळा वर्षे माझ्या मनात घोळत राहिले आहे ते त्या बावीस पानांतले काही शब्द, आणि गावाचा होकार म्हणजे नेमके काय, हा प्रश्न. ज्यांनी कधी भाषांतर केले आहे त्यांना ठाऊक असेल की काही शब्द काम संपल्यावरही सुटत नाहीत.

असा पहिला शब्द होता ओव्हरबर्डन. खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी वरचे जे काही काढून टाकावे लागते त्याला खाणकामात हे नाव आहे. शब्दशः अर्थ घेतला तर वरचे ओझे. खनिजाच्या जागी बसून वर पाहिले की माती, दगड, झाडे, पाणी हे सारे ओझेच दिसणार. गोव्यात एक टन लोहखनिज मिळवायला साधारण अडीच ते तीन टन असे ओझे हलवावे लागत आले आहे, आणि आमच्याकडचा खडकही त्याच जातीचा आहे. मी कोश चाळले, अभियंता मित्राला विचारले, दोन दिवस घालवले आणि शेवटी लिहिले, ‘वरची अनावश्यक माती’. वाक्य असे झाले: ‘वरची अनावश्यक माती काढून ती निश्चित केलेल्या जागी शास्त्रीय पद्धतीने रचण्यात येईल.’ तेव्हा मला ते वाक्य चांगले वाटले होते. सुबोध, व्याकरणशुद्ध, कोणालाही कळेल असे.

दुसरा शब्द संमतीचा. टिपणाच्या शेवटी प्रकल्पाला स्थानिकांची मान्यता मिळवणे आणि ती टिकवणे यावर दीड पान होते. मूळ शब्दाचा शब्दशः अनुवाद ‘सामाजिक परवाना’ असा झाला असता. तो मला विचित्र वाटला. परवाना देणारा एक असतो, घेणारा एक असतो, मध्ये एक कागद असतो, त्यावर मुदत आणि शिक्का असतो. येथे देणारा कोण आणि कागद कोठे? मी ‘लोकमान्यता’ लिहून मोकळा झालो. पंचायतीच्या ‘ना हरकत दाखल्या’चा उल्लेख त्याच पानावर होता. तो मात्र भाषांतरावाचूनच मराठी होता.

हे ‘ना हरकत’ मोठे गमतीचे प्रकरण आहे. ‘हरकत’ हा शब्द अरबीतून आला. तेथे त्याचा अर्थ हालचाल. मराठीत येता येता त्याचा अर्थ अडथळा, आक्षेप असा झाला. म्हणजे जो हलतो तो अडवतो, असे आपल्या भाषेला वाटले असावे. आणि ‘ना हरकत’ म्हणजे होकार नव्हे. ‘आम्हाला हे हवे आहे’ असे त्यात कोठेही नाही. रोजच्या बोलण्यात आपण ‘काही हरकत नाही’ म्हणतो तेव्हा कित्येकदा हरकत असतेच, फक्त समोरचा पाहुणा असतो. गाडीत तिसऱ्याच्या बाकावर चौथा येऊन विचारतो, ‘बसू का?’ आपण म्हणतो, ‘काही हरकत नाही’, आणि अंग चोरून घेतो. कोकणातल्या किती पंचायतींनी असे अंग चोरून दाखले दिले असतील, कोण जाणे.

सुनावणी मे महिन्यात झाली. शाळेच्या पटांगणात मांडव, टेबलावर पांढरे कापड, पाण्याच्या बाटल्या, कोपऱ्यात व्हिडिओ कॅमेरा, बाहेर पोलिसांची गाडी. मी जाण्याची काही गरज नव्हती. लेखकाला आपले पुस्तक कोणी वाचताना चोरून पाहावेसे वाटते, तसले काहीसे कुतूहल होते. मागच्या रांगेत बसलो.

आरंभीच अधिकाऱ्यांनी कार्यपद्धती सांगितली. आपण आपली मते मांडायची, त्यांची नोंद होईल, शेवटी ती वाचून दाखवली जाईल, आणि इतिवृत्त वर पाठवले जाईल. मतदान होणार नाही. हे नियमाला धरूनच होते. त्या अधिसूचनेत सुनावणीसाठी गणसंख्येचीही अट नाही. दोन माणसे आली काय आणि दोन हजार आली काय, सुनावणी झालीच. एका गृहस्थांनी उठून विचारले, आम्ही सगळ्यांनी नाही म्हटले तर? अधिकारी सभ्यपणे म्हणाले, तसे नोंदवू. मराठीत ‘सुनावणे’ याचा घरगुती अर्थ निराळा आहे. सासूला सुनावले, मालकाला सुनावले, असे आपण म्हणतो. त्या दिवशी मांडवात दोन्ही अर्थांनी सुनावणी झाली, आणि त्यांतली एकच इतिवृत्तात गेली.

साधारण तासाभराने एक वयस्क शेतकरी उठले. त्यांच्या हातात माझ्या भाषांतराची झेरॉक्स होती. त्यांनी चष्मा लावला, ते वाक्य अडखळत वाचले आणि विचारले, ‘ही अनावश्यक माती म्हणजे आमचो सडोच मां?’ कंपनीच्या तज्ज्ञांनी समजावले की होय, वरचा जांभ्याचा थर. ‘मगे अनावश्यक कोणाक?’ मांडवात हशा झाला. टाळ्या झाल्या. तज्ज्ञ म्हणाले, हा केवळ तांत्रिक शब्द आहे. शेतकरी म्हणाले, ‘तांत्रिक नाय, मराठी आसा,’ आणि खाली बसले.

सडा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. उन्हाळ्यात तेथे उभे राहिले तर हे काढून टाकायला काय हरकत, असे कोणालाही वाटेल. काळा, तापलेला, निर्जीव कातळ. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत तेथे गवत येते, श्रावणात रानफुलांचे गालिचे पसरतात, गुरे चरतात. त्याहून महत्त्वाचे, सच्छिद्र जांभा पाणी पितो आणि ते सावकाश खाली सोडतो. पायथ्याचे झरे, व्हाळ, विहिरी, वायंगणी शेतीचे पाणी, हा सारा त्या कातळाने उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेला साठा असतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी याच मुलखात वाढलो. पण भाषांतर करताना मी इंग्रजी वाक्याच्या आत उभा होतो आणि तेथून सडा दिसत नव्हता.

‘सामाजिक परवाना’ या कल्पनेचा जन्म कोठला, हे मी नंतर शोधले. २४ मार्च १९९६ रोजी फिलिपाइन्समधील मारिंदुके बेटावर मार्कॉपर या तांब्याच्या खाणीत एका जुन्या बोगद्याचे बूच फुटले आणि साठवलेला गाळ बोआक नदीत गेला. नदी मेली. त्या खाणीत प्लेसर डोम या कॅनडाच्या कंपनीची सुमारे ४० टक्के मालकी होती. पुढल्याच वर्षी, १९९७ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेच्या लोकांसमोर बोलताना त्याच कंपनीचे एक अधिकारी जिम कूनी यांनी हा शब्दप्रयोग केला. सरकारचा परवाना पुरेसा नाही, समाजाचाही लागतो, आणि तो मिळाला नाही तर खाण चालत नाही, अशा आशयाचे ते बोलले. पुढे खाणउद्योगाच्या परिषदांतून, अहवालांतून तो शब्द सर्वत्र पसरला. इयन थॉमसन आणि रॉबर्ट बुटिलिए या दोघांनी तर त्याच्या पायऱ्या लावल्या. खाली नकार, मग नुसते सहन करणे, मग मान्यता, आणि सर्वांत वर ‘ही खाण आमचीच’ अशी आपुलकी. पायरी चढायची तर आधी वैधता, मग विश्वासार्हता, मग विश्वास.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात दोन गोष्टी खटकतील. एक, हा शब्द ज्यांना संमती हवी आहे त्यांनी घडवला आहे. ज्यांनी ती द्यायची त्यांच्या भाषेत तो नाही. त्यामुळे त्याचे व्याकरण नेहमी मिळवण्याचे आणि टिकवण्याचे असते. न देण्याचे, परत घेण्याचे क्रियापद त्याला जोडायला गेले की वाक्य अवघडते, आणि तेथे ‘जोखीम’ असा शब्द वापरला जातो. दुसरी गोष्ट अशी की एका नदीच्या मरणातून वर आलेल्या या शब्दात ती नदी कोठेच उरलेली नाही. तरीही मी त्याला निव्वळ ढोंग म्हणणार नाही. कायद्याचा कागद हातात असूनही माणसांसमोर उभे राहण्याचा अधिकार नसू शकतो, हे एका उद्योगाने कबूल केले, ही लहान गोष्ट नव्हे. मे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात रिओ टिंटो कंपनीने जुकान घळीतील ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा असलेल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. त्याची सरकारी परवानगी कंपनीकडे २०१३ पासून होती. कागद अगदी चोख होता. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा आणि जगाचा संताप इतका झाला की कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला जावे लागले.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी शब्द नव्हता का? होता, आणि मला तो सुचला नाही याची लाज वाटते. ‘कौल.’ हाही अरबीच, मूळ अर्थ वचन, शब्द. मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या कुळाला सरकार कौल देई. इतकी वर्षे इतकाच सारा घेऊ, असे अभयवचन. म्हणजे येथे वचन सत्तेने द्यायचे, घेणारा कष्टकरी. आजच्या ‘परवान्या’च्या नेमके उलट. आणि कोकण-गोव्यात कौल देवाचाही. गावात काही नवे करायचे तर गुरव देवाच्या अंगाला पाकळ्या किंवा तांदूळ लावतो, प्रश्न विचारला जातो, आणि उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी या रचनेत एक शहाणपण आहे. प्रश्न असा मांडावा लागतो की त्याला ‘नाही’ हे उत्तर शक्य असेल. दोन्ही बाजूंना पाकळ्या लावाव्याच लागतात. आणि एकदा मिळालेला कौल पुढच्या कामाला चालत नाही. पुन्हा विचारावे लागते. गाऱ्हाणे घालताना गावकर मागणे मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. एकच सही करून वर्षभराची सुटका नाही.

मी या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गातो आहे असे कृपया समजू नये. त्या देवळात बायकांचा शब्द नव्हता, दलितांचा तर पायरीपाशीच अडत होता, आणि बारापाच मानकऱ्यांचे मत म्हणजेच गावाचे मत असे समजले जाई. ‘गाव’ हा शब्द उच्चारताना आपण नेहमीच कोणाला तरी वगळत असतो. आमच्या खाणीच्या बाबतीत तर तो आणखी बिकट झाला. सातबारावर तीसचाळीस नावे सामायिक, त्यांतली निम्म्याहून अधिक माणसे मुंबईत. दलालांनी लालबाग-परळपासून विरारपर्यंत चाकरमान्यांची घरे शोधली, कुलमुखत्यारपत्रे घेतली. जो गणपतीला चार दिवस येतो त्याने हिस्सा विकला, आणि जो बारा महिने व्हाळाचे पाणी पितो त्याचा हिस्सा त्या विकलेल्या हिश्श्यांच्या मध्ये बेटासारखा राहिला. जनसुनावणीत कंपनीने सांगितले की बहुसंख्य खातेदारांची संमती आहे. खोटे नव्हते ते.

याउलट नियमगिरी. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील त्या डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न वनहक्क कायद्याच्या आधारे ग्रामसभांकडे सोपवला. राज्य सरकारने ग्रामसभांसाठी बाराच पाडे निवडले. शंभराहून अधिक वस्त्यांचा प्रश्न असताना बाराच का, यावर तेव्हा टीकाही झाली. १८ जुलैला सेरकापाडीत पहिली सभा झाली, १९ ऑगस्टला जरपात शेवटची. बाराच्या बारा सभांनी नकार दिला. डोंगरिया कोंध आदिवासींचा नियमराजा त्या डोंगरावर राहतो. अंतर फक्त इतकेच होते की तेथे डावी पाकळीही लावलेली होती. आमच्या जिल्ह्यात हा कायदा त्या अर्थाने कोणी उघडून पाहिला नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने मात्र २०११ च्या अहवालात निर्णय ग्रामसभांपासून वर जावेत, असा आग्रह धरला होता, आणि सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी आपले गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव आपण होऊन केले होते. एरवी आपल्याला गावाचा आवाज ‘नको’ म्हणतानाच ऐकू येतो. हे ‘हवे’ होते.

आमची खाण २०१० च्या पावसाळ्यानंतर सुरू झाली. येथून पुढे मी जे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेले आणि थोडे विद्यार्थ्यांकडून ऐकलेले आहे. पहिली दोन वर्षे गावाने खाण स्वीकारली, हे मान्य केले पाहिजे. भीतीपोटी नव्हे, निदान केवळ भीतीपोटी नव्हे. पंचवीसेक घरांनी कर्ज काढून डंपर घेतले. शाळेला छप्पर मिळाले. पण खरे कारण एक माणूस होता. कंपनीचा एक तरुण अधिकारी, विदर्भातला, भूगर्भशास्त्र शिकलेला. तो गावात भाड्याने राहिला. संध्याकाळी कोणाच्याही ओट्यावर बसे, कोरा चहा पिई, मालवणी बोलण्याचा प्रयत्न करी आणि लोकांना हसू आले तर स्वतःही हसे. त्याच्याजवळ एक वही होती. तक्रार आली की त्यात लिही आणि दुसऱ्या दिवशी जागेवर हजर होई. एकदा वाडीतल्या विहिरीचे पाणी गढूळ झाले तेव्हा तो सकाळी सातला पंप घेऊन आला आणि पाणी निवळेपर्यंत काठावर बसून राहिला. त्याने काही मोठे वचन दिले नव्हते. सुरुंगाची वेळ बदलणार असेल तर तो आदल्या दिवशी सांगे, एवढेच. गावाने दिलेला परवाना, जर तसा काही होता, तर तो त्या वहीत होता.

तिसऱ्या वर्षी त्याची बदली झाली. का, ते ठाऊक नाही. बहुधा बढतीच असेल, चांगले काम केले म्हणून. त्याच्या जागी कोणी आले नाही. फाटकाजवळच्या रखवालदाराच्या खोलीबाहेर एक तक्रारपेटी लावली गेली.

२०१३ च्या जूनमध्ये, मृगाच्या पहिल्याच जोराच्या पावसात, माझ्या वाक्यातली ‘शास्त्रीय पद्धतीने रचलेली अनावश्यक माती’ खाली आली. बांध फुटला, व्हाळ लाल झाला आणि मळ्यातला तरवा गाळाखाली गेला. पंचनामे झाले. भरपाई वेळेत मिळाली, आणि रक्कम गुंठ्यामागे नेहमीच्या सरकारी मदतीपेक्षा पुष्कळ जास्त होती. कंपनीच्या दृष्टीने प्रश्न मिटला. काही दिवसांनी मी बाजारात त्या सुनावणीतल्या शेतकऱ्यांना भेटलो. त्यांचाही मळा गेला होता. मी भरपाईचे विचारले. ते म्हणाले, ‘पैसे इले. कोण येवक नाय.’

यानंतर गावात खाणीला कोणी होकार दिला नाही आणि कोणी नकारही दिला नाही. लोक डंपर चालवत होते, हप्ते भरत होते. बाहेरच्या माणसाला सारे सुरळीत दिसले असते. थॉमसन-बुटिलिए यांच्या पायऱ्यांवर हा मुक्काम कोठे बसवायचा, मला कळत नाही. हप्ता फिटेपर्यंतची गप्प संमती, असे तिचे वर्णन करता येईल.

गोव्यात हीच गोष्ट शतपट मोठ्या प्रमाणावर घडली होती. तेथे खाणी पोर्तुगीज काळातल्या कायमस्वरूपी सवलतींवर उभ्या राहिल्या. १९८७ च्या कायद्याने त्या सवलतींचे भाडेपट्टे झाले. चीनची मागणी वाढली तशी २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने भाडेपट्टे २००७ मध्येच संपले होते, असे सांगितले. पुन्हा नूतनीकरण झाले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ भाडेपट्ट्यांचे ते नूतनीकरणही रद्द केले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा थांबले. तेव्हा रस्त्यावर जे उतरले त्यांत खाणमालकांपेक्षा ट्रकमालक, चालक, गॅरेजवाले, हॉटेलवाले अधिक होते. वृत्तपत्रांनी त्यांना ‘खाण अवलंबित’ असे नाव दिले. या शब्दाकडे जरा पाहा. अवलंबून असणे म्हणजे मान्य असणे नव्हे, पण मोर्चात उभे राहिल्यावर दोन्ही एकच दिसतात. काही गावांत तर खाणीने झऱ्यांचे पाणी आटवले होते आणि खड्ड्यातून उपसलेले पाणीच शेताला दिले जात होते. खाण थांबली तसा उपसाही थांबला, आणि ज्यांचे पाणी खाणीने नेले होते तेच खाणीच्या पाण्यासाठी अर्ज करू लागले. यापेक्षा करुण होकार मी पाहिलेला नाही. पुढे २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. २०१५ च्या दुरुस्तीने आलेला जिल्हा खनिज निधी बाधित गावांसाठी आहे, आणि पैसा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण तो शेतकरी जे म्हणाला ते निधीच्या रकान्यात कोठे भरायचे?

आमची खाण लोकांच्या विरोधाने बंद पडली नाही. २०१४ मध्ये जगात लोहखनिजाचा भाव कोसळला, पुढच्या वर्षी कंपनीला ती परवडेना, आणि एका सोमवारी फाटक उघडले नाही. इतक्या सुनावण्या, दाखले, ठराव, आणि शेवटी निर्णय गावाबाहेरच झाला.

एक गोष्ट मी आतापर्यंत टाळली. त्या गावची एक मुलगी तेव्हा माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात होती. सुनावणीत ती खाणीविरुद्ध बोलली, लिहून आणलेल्या दोन पानांवरून, थरथरत्या आवाजात. तिच्या वडिलांनी त्याआधीच डंपरची चौकशी सुरू केली होती. ते त्याच मांडवात पुढे बसले होते आणि त्यांनी मागे वळून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी ती विभागात आली. तिने विचारले, ‘सर, भाषांतर तुम्ही केलंत?’ मी हो म्हणालो. ‘पैसे घेऊन?’ मी म्हणालो, भाषांतरकार मजकुराला जबाबदार नसतो, त्याचे मत कोणी विचारत नाही. वर्गात ज्या आवाजात आपण लेखक आणि निवेदक यांतला फरक समजावून सांगतो, अगदी त्याच आवाजात मी ते बोललो. तिने वर्ष पूर्ण केले, गुणही चांगले मिळवले, आणि तिसऱ्या वर्षाला विषय बदलला.

२०२३ मध्ये तिचा अनपेक्षित फोन आला. ती आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. पुढे तिने बाहेरून मराठीच केले, हे मला तेव्हाच कळले. व्यावहारिक मराठीच्या तासाला मुलांना खऱ्या भाषांतराचा नमुना दाखवायचा होता. ‘तुमच्याकडे ती प्रत असेल का, सर?’ मी माळ्यावरची खोकी काढली. छापील प्रत सापडली नाही, पण हस्तलिखित मसुदा सापडला. रविवारी ती येऊन घेऊन गेली. वडिलांचा डंपर २०१६ मध्ये बँकेने नेला, हे तिने चहा पिताना सहज सांगितले. आईच्या तब्येतीविषयी बोललो, पावसाविषयी बोललो.

निघताना तिने पाने चाळली आणि नवव्या पानावर थांबली. समासात मी पेन्सिलीने ओव्हरबर्डनसाठी तीन पर्याय लिहिले होते. ‘वरचा भार’. त्याखाली ‘वरची अनावश्यक माती’, वर्तुळ केलेले. आणि सर्वांत वर, सर्वांत आधी लिहिलेला आणि मग दोन रेघांनी खोडलेला एकच शब्द, ‘सडा’.

मी तो लिहिला होता, हे मला आठवत नव्हते.

तिने पान माझ्यापुढे धरले. ‘हा का खोडलात?’

मी म्हणालो, प्रमाण मराठीत बसणार नाही असे वाटले असेल. कंपनीने हरकत घेतली असती.

‘घेतली होती?’

‘नाही. मी त्यांना विचारलेच नव्हते.’

तिने पाने पिशवीत ठेवली. मसुदा अजून तिच्याकडेच आहे.